हत्तीपायाची उसनी औषधे

जानेवारी २०१९मध्ये नागपूर जिल्ह्यात आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन लोकांना समोरच गोळ्या खायला लावत होते. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशी तीन औषधे एकाच वेळी. बिहारमधील अरवलपाठोपाठ हत्तीपायावरचा हा तिहेरी उपचार नागपुरात सुरू झाला. या तिन्ही औषधांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. यांतले एकही मुळात विदर्भातल्या रोग्यासाठी शोधलेले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैनिकांना या रोगाची लागण झाली, तेव्हा औषधाची निकड भासली. लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली डीईसी जगापुढे ठेवले. जुन्या लोकांना आठवणारे ‘हेट्राझन’ ते हेच. उरलेली दोन औषधे गोठ्यातून आली. अल्बेंडाझोल आधी गुरामेंढरांच्या जंतांवर वापरात होते. आयव्हरमेक्टिन ज्या जीवाणूपासून मिळाले, तो सातोशी ओमुरा यांना जपानच्या मातीत सापडला. विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा कृमिनाशक गुण हेरला. १९८१च्या सुमारास ते जनावरांसाठी बाजारात आले. माणसांसाठी मान्यता मिळायला १९८७ उजाडले. या शोधासाठी दोघांना २०१५चे नोबेल मिळाले.

श्रीमंत देशांतल्या गुरांच्या औषधाला गिऱ्हाईक होते. पाय सुजलेल्या शेतमजुराच्या औषधाला नव्हते.

भारतात फायलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. डीईसी स्वस्त होते, तरी रोग हटला नाही. हे औषध रक्तातली कृमींची पिल्ले झपाट्याने मारते, पण लसिकावाहिन्यांत दडलेले प्रौढ कृमी पुष्कळसे वाचतात आणि वर्षानुवर्षे नवी पिल्ले सोडतात. डास तीच पुढे पोचवतो. म्हणून गोळी दरवर्षी घ्यावी लागे, आणि अंगात काही त्रास नसलेला माणूस ती कशाला घेईल? तिन्ही औषधे एकत्र दिल्यास पिल्ले दीर्घकाळ परतत नाहीत, हे पापुआ न्यू गिनीतील चाचण्यांत दिसले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची शिफारस केली.

थोडक्यात, नागपुरात पोचले ते नवे औषध नव्हते. जुन्या तीन औषधांची एकत्र बांधलेली मोट होती. तिने संसर्गाची साखळी तुटू शकते, पण एकदा विद्रूप झालेला पाय पूर्ववत होत नाही. प्रौढ कृमीला एका मात्रेत खात्रीने मारणारे औषध अजून हवे आहे. ते तरी कोणी रोग्याकडे बघून शोधावे.