नाकाचा भरवसा : घरी कॉफी भाजण्याचा इतिहास



आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत, युरोपात आणि अलीकडे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही काही माणसं एक जगावेगळा उद्योग करताना दिसतात. बाजारात भाजून दळलेली कॉफी हवी तेवढी मिळते. तरी ही मंडळी कच्ची, हिरवट बी विकत आणतात, स्वयंपाकघरात ती भाजतात, हातयंत्रावर दळतात आणि पाणी काट्यावर मोजून एक कप कॉफी करतात. तोवर घरभर धूर झालेला असतो आणि ओट्यावर फोलपटं उडालेली असतात. याला ते छंद म्हणतात.

या छंदामागचा इतिहास मला आज सांगायचा आहे. घरी कॉफी भाजणं ही काही नवी टूम नव्हे. साधारण दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच देशांत कॉफी घरीच भाजली जात होती. मग ती घरातून बाहेर गेली कशी? आणि जाताना आपल्याबरोबर आणखी काय घेऊन गेली? प्रश्न खरा हा आहे.

आधी भाजणं म्हणजे काय ते पाहू, कारण आपण मुळात चहावाले. कॉफीच्या लाल फळात सहसा दोन बिया असतात. कच्ची बी टणक असते, तिला वास गवतासारखा. तिच्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. उष्णता लागली की ती आधी पिवळी पडते, मग पाव भाजल्यासारखा वास येतो, मग तपकिरी रंग चढतो. 200 अंश सेल्सिअसच्या आसपास ती तडतडू लागते, लाह्या फुटाव्यात तशी. आणखी पुढे, 225 अंशांच्या आसपास, दुसरी तडतड होते. तिचा आवाज बारीक असतो. मग बीवर तेल चमकू लागतं. या दोन आवाजांच्या मधली काही मिनिटं म्हणजे सगळा खेळ. लवकर उतरवली तर आंबट, उशीर झाला तर कोळशासारखी कडू.

या सभागृहातल्या भगिनींना हे समजावून सांगायची गरज नाही. थालीपिठाची भाजणी ज्यांनी केली आहे, त्यांना हा प्रसंग रोजचा आहे. कच्चट, खमंग, खरपूस, करपट : भाजण्याच्या पायऱ्यांना मराठीत एवढे शब्द आहेत आणि त्यातला एकही घड्याळावर मोजता येत नाही. तो नाकाने ठरवायचा असतो. ‘अंदाज’ म्हणतो आपण त्याला. पण तो अंदाजपंचे नसतो, ते एक शिकलेलं ज्ञान असतं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कच्ची बी नीट ठेवली तर कित्येक महिने टिकते. भाजलेली बी काही आठवड्यांत शिळी होते आणि दळलेली कॉफी तर त्याहून लवकर. म्हणून जुन्या काळी कच्ची घ्यायची आणि लागेल तशी भाजायची हाच शहाणपणाचा मार्ग होता. आपण वर्षाचे गहू भरून ठेवायचो आणि पीठ लागेल तसं दळायचो, तसंच.

आता इतिहासाकडे वळू. घरी कॉफी भाजणं हा एके काळी एका देशात गुन्हा होता. देश प्रशिया, राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला इतिहास ‘महान’ म्हणतो. प्रशियाकडे कॉफी पिकवणाऱ्या वसाहती नव्हत्या. प्यायलेल्या प्रत्येक कपाबरोबर देशाचा पैसा परक्या व्यापाऱ्यांकडे जातो, ही राजाची तक्रार. त्याने आधी जबर कर लावला, तर चोरटी आयात वाढली. तेव्हा 1781 मध्ये त्याने भाजण्याचाच मक्ता सरकारकडे घेतला. घरी भाजायला परवाना हवा, आणि तो मिळणार सरदारांना, लष्करी अधिकाऱ्यांना, धर्मगुरूंना. बाकीच्यांनी सरकारी भट्टीतली कॉफी चढ्या भावाने घ्यायची.

पण चार भिंतींच्या आत कोण काय भाजतं हे कळणार कसं? वासावरून! राजाने युद्धातून निवृत्त झालेले, जखमी झालेले सुमारे चारशे सैनिक नेमले. त्यांचं काम एकच : गल्लीबोळांतून फिरायचं आणि हुंगायचं. जर्मन भाषेत त्यांना जे नाव पडलं त्याचा सरळ मराठी अर्थ ‘कॉफी-हुंगे’. कुठल्या खिडकीतून खमंग वास आला की हे आत शिरणार आणि परवाना मागणार. लोक त्यांना किती शिव्या देत असतील याची कल्पना करा. 1786 मध्ये राजा वारला आणि पुढच्याच वर्षी हा मक्ताही गेला. लोकांनी पुन्हा तवे चुलीवर चढवले. त्याच काळात जर्मन प्रदेशांत चिकोरीचं मूळ भाजून कॉफीला पर्याय म्हणून वापरणं वाढीस लागलं होतं. आज दक्षिणी फिल्टर कॉफीत जी चिकोरी असते, तिच्या मागे युरोपातली अशी टंचाई आणि करबाजी आहे.

इथे माझ्या विषयाचा माणूस मध्ये येतो. त्याच 1781 साली, त्याच प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात राहणाऱ्या इमॅन्युएल कांट या प्राध्यापकाचा शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कांट सकाळी चहा घेत असे. उतारवयात मात्र त्याला जेवणानंतर कॉफीची ओढ लागली आणि ती यायला जरा उशीर झाला की हा संयमाचा पुतळा अस्वस्थ व्हायचा, असं त्याच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवलं आहे. पण ते असो. 1784 मध्ये त्याने ‘प्रबोधन म्हणजे काय’ या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस अज्ञानी नसतो, तो परावलंबी असतो, आणि बऱ्याच अंशी स्वतःच्या आळसामुळे आणि भित्रेपणामुळे. माझ्याऐवजी ग्रंथाने विचार करावा, धर्मगुरूने माझी सदसद्विवेकबुद्धी सांभाळावी, वैद्याने माझं पथ्य ठरवावं. सोय किती! आणि पालक होऊन बसलेली मंडळी आपल्याला सतत सांगतात की स्वतःच्या पायांवर चालणं धोक्याचं आहे.

त्या निबंधात कांटने एक लॅटिन बोधवाक्य घेतलं आहे. त्यातलं क्रियापद आहे ‘सापेरे’. त्याचा अर्थ आपण ‘जाणणे’ असा करतो. पण त्या धातूचा जुना अर्थ आहे चव असणे, चव कळणे. म्हणजे लॅटिन भाषेच्या दृष्टीने शहाणा तो, ज्याला चव कळते. आपल्याकडेही ‘रस’ या शब्दाने जिभेपासून काव्यापर्यंत प्रवास केलाच आहे. कांटच्या मनात कॉफी नव्हती हे उघड आहे. पण स्वतः चव घेऊन स्वतः ठरवणं आणि ते दुसऱ्यावर सोपवणं, हा फरक आपल्या गोष्टीत फार नेमका लागू पडतो.

कारण पुढे काय झालं बघा. राजाला चारशे नाकं लावून जे जमलं नाही, ते एका कागदी पिशवीने केलं.

आता आपण अमेरिकेत जाऊ, यादवी युद्धाच्या काळात. तोवर तिथली गृहिणी कच्ची कॉफी आणून लोखंडी तव्यावर किंवा चुलीच्या भट्टीत भाजत असे. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने एका भाजणयंत्राचं पेटंट घेतलं. त्यातून भाजलेला माल विस्तवावरून यंत्र न हलवता बाहेर काढता येई. 1865 च्या सुमारास पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पिशव्यांत विकायला सुरुवात केली. भाजलेली बी शिळी होते ना? 1868 मध्ये जॉन आर्बकलने त्यावर इलाज काढला : बीवर अंडं आणि साखर यांचा लेप. 1873 मध्ये त्यांचा ‘अरिओसा’ हा छाप आला आणि पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या शेकोटीपर्यंत पोचला. पिशवीत पेपरमिंटची कांडीही असायची.

पण यंत्रापेक्षा जाहिरात महत्त्वाची होती. त्यांच्या 1872 च्या एका रंगीत जाहिरातीत एक बाई चुलीपाशी उभी आहे आणि कॉफी पुन्हा करपली म्हणून हळहळते आहे. शेजारची बाई तिला सांगते आहे की मी करते तसं कर, भाजलेलीच आण. म्हणजे विकायचं काय होतं? कॉफी तर होतीच. पण त्याआधी त्या बाईला हे पटवायचं होतं की तुझ्या नाकाचा भरवसा नाही. कांटच्या पालकांचीच ही नवी आवृत्ती. फ्रेडरिकने नाकं नेमली आणि लोक चिडले. इथे लोकांनी आपलं नाक खुशीने दुसऱ्याच्या हवाली केलं. पुढे 1900 मध्ये हवाबंद डबे आले, 1938 मध्ये नेसकॅफे आली, आणि कॉफी म्हणजे गरम पाण्यात विरघळणारी पूड असं मानणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या.

आता इथे कोणी उठून म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की सर, ती बाई सुटली ना! रोज धुरात उभं राहणं, हात भाजून घेणं, वर करपलं तर बोलणी खाणं. त्यातून तिची सुटका त्या पिशवीने केली. हे अगदी खरं आहे. पहाटे जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्यांना गिरणी आली तेव्हा किती बरं वाटलं असेल! लादलेल्या कष्टांचं मी कौतुक करणार नाही. पुरुषाने हौस म्हणून महिन्यातून दोनदा कॉफी भाजणं आणि बाईने कर्तव्य म्हणून आयुष्यभर भाजणं या दोन गोष्टी एक नव्हेत. आजचा छंदिष्ट करपलेली कॉफी फेकून देऊन दुकानातली पिऊ शकतो. ती मोकळीक तिला नव्हती.

पण म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. कष्ट गेले हा लाभ. पण कष्टांबरोबर पारखही गेली, आणि ती जायलाच हवी होती असं नाही. याचा पुरावा घरातूनच मिळतो. 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीला कपातला गाळ आणि कडवटपणा खुपत होता. तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात बसवला आणि त्यातून कॉफी गाळली. आज जगभर वापरला जाणारा कागदी फिल्टर तो हाच. तिने कष्टही वाचवले आणि चवही आपल्या हातात ठेवली.

आपल्या देशाकडे पाहू. तमिळ आणि कन्नड घरांत बी आणून भाजण्याची, हातयंत्रावर दळण्याची रीत होती. मुंबईत माटुंग्याला डोळ्यांदेखत कॉफी दळून देणारी दुकानं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. 1936 मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं आणि मराठी माणसाची कॉफीशी ओळख वाढली. पुढे महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली, मळेवाले बुडायला आले, तेव्हा 1942 च्या कायद्याने कॉफी मंडळाकडे सगळा माल एकत्र जमा करण्याची पद्धत पक्की झाली. हेतू चांगला होता, मळे वाचलेही. पण चिकमगळूरच्या आणि कोडगूच्या मळ्यांचा माल एका राशीत गेला की कुठली बी कुणाची हे कळायचं नाही. जिची ओळखच पुसली तिची पारख कशी करणार? 1996 मध्ये हे बंधन पूर्ण उठलं. अमुक मळ्याची, अमुक उंचीवरची कच्ची बी घरी भाजणाऱ्याला आज मिळू शकते, ती त्यानंतर.

योगायोग असा की त्याच 1996 साली अमेरिकेत केनेथ डेव्हिड्स यांचं घरी कॉफी भाजण्यावरचं पुस्तक आलं. त्याआधी 1966 मध्ये बर्कलीत आल्फ्रेड पीट या डच गृहस्थाने ताजी भाजलेली कॉफी विकून लोकांची जीभ जागी केली होतीच. 1997 मध्ये ओहायोत कच्ची बी घरगुती गिऱ्हाइकाला विकणारं ‘स्वीट मारियाज’ सुरू झालं. आणि लोकांनी यंत्र कुठलं शोधलं? गरम हवेवर मक्याच्या लाह्या फोडणारं स्वस्त भांडं! मूठ-दोन मुठी बी त्यात टाकायची, फोलपटं उडू द्यायची, आवाज ऐकायचा आणि योग्य क्षणी ओतून घ्यायची. आर्बकलच्या पिशवीने जो क्षण घराबाहेर नेला होता, तोच परत आला.

आणि जिथून कॉफी निघाली त्या इथिओपियात तो कधी गेलाच नव्हता. तिथे आजही पाहुणा आला की घरातली स्त्री बी धुते, त्याच्यासमोर तव्यावर भाजते, धुराचा वास घ्यायला तवा पाहुण्यांमधून फिरवते, मग कुटते आणि ‘जबना’ नावाच्या मातीच्या भांड्यात उकळते. एकामागून एक तीन वेळा कप भरले जातात. तिथे याला छंद म्हणत नाहीत, आतिथ्य म्हणतात.

शेवटी ‘छंद’ या शब्दाविषयी. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, मनाचा कल. ‘स्वच्छंद’ म्हणजे स्वतःच्या इच्छेने चालणारा. आपण त्याला ‘उच्छृंखल’ असा वाईट अर्थ चिकटवला, पण मूळ अर्थ स्वातंत्र्याच्या जवळचा आहे. आज आपला आहार, औषध, वाचन, मतं, सगळंच भाजून, दळून, पिशवीत भरून दारात येतं. सगळं स्वतः करणं कुणालाच शक्य नाही, आणि तसा हट्टही नको. पण निदान एक तरी गोष्ट अशी असावी की जिथे केव्हा थांबायचं हे आपण ठरवतो आणि चुकलं तर आपलंच चुकतं. मग ती कॉफी असो, भाजणी असो, नाहीतर वर्तमानपत्रातली बातमी असो. नाक वापरलं नाही तर बोथट होतं, आणि बोथट नाकाच्या माणसाला करपलेलंही खमंग म्हणून विकता येतं.