छपराखालचा लाल कोळी

राजाराम महाराजांच्या नावाने वसलेली कोल्हापुरातली राजारामपुरी गल्ल्यांच्या क्रमांकांनी ओळखली जाते. तिच्या जुन्या बंगल्यांना अंगण होतं आणि अंगणात गुलाब, जास्वंद, मोगरा. आता त्याच गल्ल्यांत अपार्टमेंट उभी आहेत. कुंड्या ग्रिलच्या बाल्कनीत, सरकत्या काचेमागे किंवा गच्चीवर पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली गेल्या. झाडं बहुतेक तीच राहिली, पण त्यांच्यावर पडणारा पाऊस थांबला. लाल कोळ्याचा इतिहास मला या थांबलेल्या पावसाचा इतिहास वाटतो. उघड्यावर हा प्राणी किरकोळ होता. छपराने त्याला आसरा दिला, मग औषधांनी त्याचे शत्रू मारले आणि त्यातून त्याची कीड झाली. म्हणून त्याला आवरायचे उपायही शेवटी पाणी आणि त्याचे शत्रू यांच्याकडेच परत आले.

आधी तो दिसतो कसा ते पाहू. गुलाबाच्या पानावर बारीक फिकट ठिपके उमटतात आणि पान धुरकट होतं. पान उलटं करून भिंगाखाली धरलं, की अर्ध्या मिलिमीटरचे आठ पायांचे जीव चालताना दिसतात. नावात लाल असलं तरी पिवळट अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग असतो, आणि शिरेलगत काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. प्रादुर्भाव वाढला की शेंड्यावर जाळी धरते. हवा कोरडी आणि तापमान तिशीच्या आसपास असलं, तर अंड्यापासून प्रौढ व्हायला जेमतेम आठवडा लागतो. कोल्हापुरात अशी हवा फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. उघड्यावरच्या झाडाला या दिवसांत वळवाच्या सरी झोडपतात आणि पुढे मिरगाचा पाऊस लागतो. त्या माऱ्याने कोळी आणि जाळी धुऊन निघतात, हवेतला ओलावाही त्यांना मानवत नाही. बंद बाल्कनीतल्या कुंडीला यातलं काहीच मिळत नाही, उलट काचेमागची धग मिळते.

छपराखाली फोफावणाऱ्या या कोळ्याचं कोडं आधी पडलं ते विलायतेत. कोख या जर्मन अभ्यासकाने 1836 मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. 1845 मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि श्रीमंतांच्या बागांतली काचघरं मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येऊ लागली. थंडीत नळांतून गरम पाणी खेळवून आतली हवा उबदार ठेवत, आणि त्या उबेत कोरडेपणाही वाढे. त्या काळच्या माळ्यांनी दोन उपाय धरले: पिचकारीने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारायचं, आणि गरम नळांवर गंधकाचा लेप द्यायचा. हे प्रयोगशाळेतलं ज्ञान नव्हतं, हाताखालच्या अनुभवाचं होतं. तरी त्यातली पिचकारी मला फार महत्त्वाची वाटते. काचेने अडवलेला पाऊस माळी रोज हाताने परत पाडत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पिचकारी बाजूला पडली. डीडीटी आलं आणि फळबागांत उलटाच अनुभव आला: इतर किडी मेल्या, पण कोळी बेसुमार वाढला. डीडीटी त्याला फारसं मारत नव्हतं, त्याला खाणाऱ्या कोळ्यांना आणि भुंग्यांना मात्र मारत होतं. मग पॅराथिऑन आलं, आणि 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गुलाबांच्या काचघरांत त्यालाही दाद न देणारे कोळी सापडले. 1950च्या दशकात डायकोफॉल आलं आणि भारतातही ते अनेक वर्षं कोळीनाशक म्हणून चाललं. 2023 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच्या कितीतरी आधी जपानमधल्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेलं अबामेक्टिन आलं, त्यालाही प्रतिकार निर्माण झाला. याचं मूळ कोळ्याच्या प्रजननात आहे. मादीच्या न फळलेल्या अंड्यातून नर निपजतो, त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो. औषध पचवणारा बदल त्यात झाला तर तो झाकला जात नाही, पहिल्याच फवारणीत निवडला जातो. त्यात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नवी पिढी आणि वाऱ्याने नवे जनुक आत येऊ न देणारं बंद छप्पर. प्रतिकार वाढवायचाच असं ठरवलं असतं, तरी याहून सोयीची जागा सापडली नसती.

वळण मिळालं ते अनपेक्षितपणे. 1958 मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर डॉसे या अभ्यासकांना लाल कोळी खाणारा दुसरा कोळी आढळला. फायटोसिउलस पर्सिमिलिस हे त्याचं नाव, आणि त्याचं खाणं जवळपास फक्त हेच. 1960च्या दशकात इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या काचघरांत तो सोडला जाऊ लागला. 1967 मध्ये यान कोपर्ट या काकडी पिकवणाऱ्या डच शेतकऱ्याने अशा मित्रजीवांच्या विक्रीचा व्यवसायच उभा केला. पुढे 1980च्या दशकात नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या अभ्यासकांनी दाखवलं, की कोळ्याने रस शोषलेलं पान विशिष्ट वास सोडतं आणि तो वास घेत शिकारी कोळी तिथे पोचतो. विष फवारून आपण जे मारत होतो त्यात झाडाचे स्वतःचे राखणदारही होते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

यावर कोल्हापूरकर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. 1991 नंतर डच तंत्राची हरितगृहं महाराष्ट्रात आली. तळेगाव दाभाड्याला फुलशेतीचं केंद्र झालं, शिरोळ तालुक्यात कोंडिग्रेच्या माळावर श्रीवर्धन बायोटेकची हरितगृहं उभी राहिली, आणि अनुदानामुळे लहान शेतकऱ्यांनीही जरबेरा, कार्नेशन लावलं. ज्याच्यावर बँकेचं कर्ज आहे, त्याला शेंड्यावर जाळी दिसल्यावर शिकाऱ्याची वाट पाहत बसा असं सांगणं सोपं नाही. शिवाय पर्सिमिलिसला दमट हवा लागते, आपल्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो टिकत नाही. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण जाळी दिसणं ही उशिराची अवस्था आहे. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहिली, तर कोळी त्याआधी कितीतरी दिवस सापडतो, आणि तेव्हा एखाद-दुसऱ्या निवडक फवारणीने काम भागतं. पर्सिमिलिस आपला नसेल, पण निओसेयुलस लाँगिस्पायनोसस हा शिकारी कोळी भारतात मूळचाच आढळतो आणि उष्ण हवा त्याला जास्त मानवते. आपली हरितगृहं डच आराखड्यावर उभी राहिली, त्यांतला शिकारी मात्र इथला निवडायला हवा होता. या बाबतीत आपण बरीच वर्षं वाया घालवली असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप बागप्रेमींचा: पानांवर पाणी मारलं की गुलाबाला काळे ठिपके पडतात. तेही खरं, कारण हे ठिपके पाडणारी बुरशी पानावर तासन्‌तास पाणी राहिलं तरच रुजते. म्हणून वेळ सांभाळावी लागते. सकाळी लवकर, पान उलटं करून, खालच्या बाजूवर जोराची धार मारायची, म्हणजे दहापर्यंत पान कोरडं होतं. राजारामपुरीतल्या बाल्कनीत मित्रजीव विकत आणून सोडणं परवडणारं नाही, आणि घरात मुलं-माणसं वावरत असताना कोळीनाशक फवारणं मला चुकीचंच वाटतं. पाण्याची धार, फार झालं तर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी, एवढं तिथे पुरतं. पाण्यात मिसळणारं गंधकही चालतं, पण पारा बत्तीस-तेहतीसच्या वर गेला की त्याने पानं करपतात, म्हणून ते फार तर फेब्रुवारीपर्यंतच वापरावं. मार्चपासून वळीव येईपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा धार मारावी, आणि वळीव आला की कुंड्या ग्रिलबाहेरच्या कठड्यावर पावसात ठेवाव्यात.