अंगठेबहाद्दर

ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला आपल्याकडे 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. सही शिकलेल्याची, अंगठा अडाण्याचा, असा सरळ हिशेब. गंमत म्हणजे इंग्रज साहेबाचा भरवसा नव्हता तो सहीवरच!

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला. उद्या याने 'सही माझी नाहीच' म्हणून हात झटकू नयेत, म्हणून कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे हुगळीला पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी तो बोटांचे ठसे घेऊ लागला.

मग ही युक्ती पोलिसांच्या हाती गेली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं दफ्तर सुरू झालं. ठसे १०२४ कप्प्यांत लावायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलिसांचा मोठा वाटा होता, नाव मात्र पडलं त्यांच्या साहेबाचं, हेन्री पद्धत. १८९८ मध्ये जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या खुनाच्या खटल्यात एका पंचांगावरचा ठसा पुरावा म्हणून आला. आरोपीला चोरीची शिक्षा झाली, खुनातून तो सुटला. ठशाच्या तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरणारी दुरुस्ती पुरावा कायद्यात आली ती त्यानंतर, १८९९ मध्ये!

मंडळी, हा क्रम लक्षात घ्या. आधी यंत्र, मग कायदा.

१९२० च्या कायद्याने पोलिसांना ठसे घ्यायचा अधिकार दिला, पण पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ते नष्ट करा असंही सांगितलं. १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांपुढे प्रश्न आला की ठसा देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं का? उत्तर मिळालं, नाही. म्हणजे तोंड बंद ठेवायचा हक्क आहे, पण बोटांना तो नाही.

२०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीतून आधार सुरू झालं. त्याचा कायदा आला २०१६ मध्ये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे ९ न्यायाधीशांनी सांगितलं २०१७ मध्ये. तोवर कोट्यवधी अंगठे टेकवून झाले होते. २०२२ च्या कायद्याने पोलिसांना बुबुळांची नोंदही घेता येते, आणि या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात.

कायदा मागून येणारच, त्याला इलाज नाही. पण मधल्या काळात सोसतं कोण? विटा उचलून, भांडी घासून ज्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या, त्याला यंत्र ओळखत नाही. हर्शेलला भीती होती माणूस सही नाकारेल याची. आता यंत्रच माणसाला नाकारतं, आणि रेशनच्या दुकानात उभ्या असलेल्या त्या माणसाने मी मीच आहे हे सिद्ध कसं करायचं?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.