गेमिंग केंद्रात व्हीआर हेडसेट परवडतो का?

आभासी वास्तवाचा अनुभव देणारे, अर्थात व्हीआर हेडसेट २०१६ पासून सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागले. त्या वर्षी एचटीसी व्हाइव्हची किंमत ७९९ डॉलर होती. शक्तिशाली संगणकाचा खर्च वेगळा. २०२० मध्ये आलेला ऑक्युलस क्वेस्ट २ संगणकाविना चालणारा होता आणि त्याची किंमत २९९ डॉलरपासून होती. त्यामुळे गेमिंग केंद्रचालकाची गुंतवणूक घटली. मात्र तेच यंत्र ग्राहकाच्या घरीही पोहोचले.

खरा खर्च आहे तो जागेचा आणि मनुष्यबळाचा. व्हाइव्ह घालून चालत-फिरत खेळण्यासाठी किमान २ मीटर बाय १.५ मीटर मोकळी जागा लागते. तेवढ्या जागेत दोन संगणक सहज मावतात. खेळाडू भिंतीवर आदळू नये म्हणून लक्ष ठेवणे, प्रत्येक वापरानंतर हेडसेट पुसणे, यासाठी मदतनीस हवा. काहींना मळमळ होत असल्याने खेळाची वेळही मर्यादित ठेवावी लागते. शिवाय घरगुती वापराचा गेम केंद्रात चालत नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो.

केवळ भांडवल पुरेसे नसते, हे आयमॅक्सच्या अनुभवावरून दिसते. या कंपनीने २०१७ च्या प्रारंभी लॉस एंजलिसमध्ये व्हीआर केंद्र उघडले, पाठोपाठ अन्य शहरांतही. परंतु २०१९ मध्ये हा प्रयोग गुंडाळण्यात आला.

सारांश, रोजच्या ग्राहकांचे संगणक हटवून हेडसेट आणणे जोखमीचे ठरते. वाढदिवस वा मित्रमंडळींच्या गटासाठी, आगाऊ नोंदणीवर एक-दोन हेडसेट ठेवणे अधिक व्यवहार्य. खरेदीपूर्वी त्या जागेतील दर तासाचे उत्पन्न मात्र अवश्य ताडून पाहावे.