पहिली वेलांटी

शनिवार सकाळ. तर्री-पोहे हाणून झालेत, कूलर घुर्रर करतोय आणि आज ऑफिसचा लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलंय. तेव्हा बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट लिहून टाकतो. गोष्ट बाबांची आहे. आणि थोडीफार टाइपरायटरची.

माझा धंदा म्हणजे स्क्रीनवर बटणं कुठे ठेवायची, चूक झाली की कोणत्या शब्दांत सांगायचं, हे ठरवायचं. मध्यंतरी एका क्लायंटसाठी मराठीतून अर्ज भरायचं पान केलं. आमच्या टीमने तपासलं, सगळ्यांना जमलं. आमच्या टीमचं सरासरी वय असेल सत्तावीस! मी खुशीत नागपूरला घरी आलो आणि बाबांसमोर लॅपटॉप ठेवला. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकरसुद्धा चिकटवून दिले. म्हटलं, "बाबा, तुम्ही तर टायपिस्ट. दाखवा कमाल."

बाबांनी १९७० च्या सुमारास महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकलं. मग पस्तीसेक वर्षं एका कार्यालयात तेच केलं. मिनिटाला चाळीस शब्द, तेही कळांकडे न बघता. त्यांना लिहायचं होतं 'विनंती'. त्यांनी शोधून आधी पहिली वेलांटी दाबली. स्क्रीनवर वेलांटीखाली ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं. मग त्यांनी 'व' दाबला. वर्तुळ तसंच, व वेगळाच. खोडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझ्या पानाने लाल अक्षरांत सांगितलं : "अवैध नोंद".

बाबा हसले. "विसरलो वाटते बे मी सगळं," म्हणाले आणि चहा करायला उठून गेले.

ते 'अवैध' मीच लिहिलं होतं.

आता इथे थोडा इतिहास. रेमिंग्टन कंपनीने शोल्सचं टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आणलं, ते इंग्रजीसाठी. सव्वीस अक्षरं, विषय संपला. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, रफार आणि शेकडो जोडाक्षरं. कळा मात्र पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे जेमतेम नव्वद चिन्हं. मग ज्यांनी मराठी-हिंदी यंत्रं बसवली त्यांनी जुगाड केला : ध, भ अशा अक्षरांचा अर्धा तुकडा एका कळेवर ठेवला आणि काना वेगळा. अर्धा भ, पुढे काना, झाला पूर्ण भ. कागदावर जे डावीकडे, ते आधी टाइप करायचं. म्हणून 'वि' लिहिताना आधी वेलांटी, मग व. यंत्राला उच्चाराशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त शाई कुठे पडते ते माहीत होतं.

१९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचं टाइपरायटर आणलं. १९६४ मध्ये महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला आणि सरकारी कागद मराठीत यायला लागला. नागपूर तर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथल्या कचेऱ्यांना हिंदी आणि मराठी दोन्हींची सवय. मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट म्हणजे नोकरीचा दरवाजा! त्या दरवाजातून बाबा आत गेले, म्हणून मी इंजिनिअर झालो.

मग कॉम्प्युटर आले. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. खरं सांगायचं तर फार हुशार काम आहे ते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क ज्या कळेवर, शिफ्ट दाबून त्याच कळेवर ख. आणि तमिळ, बंगाली, गुजराती सगळ्यांना तीच मांडणी. यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात : आधी व, मग वेलांटी. म्हणून शोधणं, अकारविल्हे लावणं सोपं जातं. १९९१ मध्ये युनिकोडनेही हाच क्रम उचलला. पुढे विंडोज २००० सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला, आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि बऱ्याच मराठी माणसांनी युनिकोडमधली मराठी पहिल्यांदा त्यातच वाचली.

म्हणजे कोणीच चुकलं नव्हतं. टाइपरायटरचा क्रम शाईच्या हिशेबाने बरोबर, इनस्क्रिप्टचा क्रम उच्चाराच्या हिशेबाने बरोबर. फक्त मधल्या मधे लाखभर बोटांना झालेली सवय कोणाच्या खात्यात जमा झाली नाही. ते ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं : "मात्रा मिळाली, अक्षर कुठाय?" बाबा तर अक्षर घेऊन तयारच होते, एक कळ मागे.

डॉन नॉर्मनने १९८८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की वस्तू नीट चालली नाही की माणसं स्वतःलाच दोष देतात. 'युजर एक्स्पीरियन्स' हा शब्द आपल्या पदनामात घेणारा हाच तो. मी हे कॉलेजात वाचलं, प्रेझेंटेशनमध्ये दहादा वापरलं. आणि घरी माझ्यासमोर बाबा "विसरलो" म्हणाले तेव्हा मी "असू द्या हो" म्हटलं! म्हणजे दोष त्यांचाच, मी फक्त माफ केला.

त्या रात्री शोधलं तर उपाय आधीपासूनच होता. युनिकोडसाठी रेमिंग्टन पद्धतीचे कळफलक मिळतात. आधी वेलांटी दाबली की ते पुढच्या अक्षराची वाट बघतात आणि मग क्रम आपणच बदलून घेतात. माणसाने बदलायचं नाही, यंत्राने थांबायचं. स्टिकर काढून टाकले, ते इन्स्टॉल केलं. सकाळी बाबांना बसवलं. दोन मिनिटं चाचपडले. मग खांदे सरळ झाले, नजर वर गेली आणि बोटं सुटली. शेवटी त्यांचा डावा हात सवयीने हवेत डावीकडे गेला, ओळ बदलायला. तिथे काहीच नव्हतं. दोघंही हसलो.

मॅन्युअल टाइपरायटरच्या सरकारी परीक्षा २०१० च्या दशकात बंद झाल्या. आता कीबोर्ड कशाला, पोरं बोलून टाइप करतात. चांगलंच आहे. उद्या तेही जुनं होईल आणि तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या माझ्यासमोर कोणीतरी स्क्रीन ठेवेल.

सोमवारी ऑफिसात जाऊन पहिलं काम केलं. 'अवैध नोंद' काढलं. आता तिथे लिहिलंय : "आम्हाला हे नीट वाचता आलं नाही." क्लायंटने विचारलं, एवढ्याशा बदलाला मीटिंग कशाला?

असो. बाबा आवाज देताहेत. रविवारसाठी संत्री आणायची आहेत.