जहाजाची बंदरप्रवेशपूर्व तयारी

समुद्रप्रवास संपवून बंदरात शिरण्यापूर्वी जहाज, त्यावरील यंत्रसामग्री, कागदपत्रे आणि खलाशी सज्ज करण्याच्या कामांना एकत्रितपणे 'बंदरप्रवेशपूर्व तयारी' असे म्हणता येते. खुल्या समुद्रात एखादे यंत्र बंद पडले, तर बहुधा दुरुस्तीला अवधी मिळतो. बंदराच्या अरुंद मार्गात मात्र तेच जहाज काही मिनिटांत गाळात रुतू शकते, धक्क्यावर किंवा दुसऱ्या जहाजावर आदळू शकते. त्यामुळे जे काम खोल समुद्रात उरकता येते, ते बंदराच्या तोंडाशी येईपर्यंत शिल्लक ठेवायचे नाही, हे या तयारीचे मूलतत्त्व आहे.

पूर्वसूचना व कागदपत्रे

जहाजाच्या आगमनाची अपेक्षित वेळ बंदराला आणि स्थानिक प्रतिनिधीला आगाऊ कळवली जाते. अमेरिकेत जाणाऱ्या जहाजांना सामान्यतः ९६ तास आधी सूचना द्यावी लागते. जुलै २००४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार, जहाजाने याआधी भेट दिलेल्या दहा बंदरांची माहितीही मागितली जाऊ शकते. खलाशांची यादी, मालाचे व शिधासामग्रीचे विवरण, खलाशांच्या वैयक्तिक वस्तूंची यादी आणि आरोग्यविषयक घोषणापत्र ही नेहमीची कागदपत्रे होत. जहाजावर साथीचा आजार नसल्याचे सांगून प्रवेशाची परवानगी मागण्यासाठी पिवळा ध्वज उभारण्याची प्रथा आहे.

मार्ग आणि पाण्याची खोली

प्रवासाचा आराखडा एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत आखलेला असावा, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची १९९९ पासूनची मार्गदर्शक सूचना आहे. त्यात नकाशावरील खोली, भरती-ओहोटीच्या वेळा, प्रवाह, वारा आणि जहाजाचा पाण्याखाली राहणारा भाग (ड्राफ्ट) यांचा मेळ घातला जातो. उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज नेहमीपेक्षा अधिक खाली बसते. म्हणून वेग कमी करणे हाही खोली राखण्याचाच एक उपाय ठरतो. ज्या ठिकाणाच्या पुढे जहाज मागे वळवता येणार नाही, ते ठिकाण नकाशावर आधीच चिन्हांकित केले जाते. तिथे पोहोचण्यापूर्वी पुढे जायचे की थांबायचे, याचा निर्णय झालेला असला पाहिजे.

यंत्रे व उपकरणे

इंजिनकक्षाला पुरेशी आगाऊ सूचना दिली जाते. मुख्य इंजिन पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना चालवून पाहतात. मोठी डिझेल इंजिने दाबलेल्या हवेने सुरू होतात. बंदरात ती वारंवार थांबवावी व सुरू करावी लागत असल्याने हवेच्या टाक्या भरलेल्या असणे आवश्यक असते. वीजपुरवठा खंडित होऊ नये म्हणून जादा जनित्र चालू ठेवतात आणि सुकाणूचे दोन्ही पंप तपासतात. नांगरांचे बंध सोडून ते तत्काळ टाकता येतील अशा स्थितीत ठेवले जातात.

वीज जाण्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोर येथे दिसले. 'डाली' हे मालवाहू जहाज त्या वेळी बंदरातून बाहेर पडत होते. वीज गेल्याने ते पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा कामगार मरण पावले. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते.

पर्यावरणविषयक नियमही याच टप्प्यात पाळावे लागतात. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची सर्वसाधारण जागतिक मर्यादा ०.५० टक्के आहे. विशेष नियंत्रित क्षेत्रांत ती ०.१० टक्के असल्याने, वेगळे शुद्धीकरण यंत्र नसलेल्या जहाजाला क्षेत्रात शिरण्याआधी इंधन बदलावे लागते.

पायलटचे आगमन

स्थानिक प्रवाह, गाळ आणि वळणे जाणणारा पायलट लहान बोटीतून येऊन दोरशिडीने जहाजावर चढतो. पाण्यापासून चढण नऊ मीटरपेक्षा अधिक असल्यास दोरशिडीला जहाजाच्या जिन्याची जोड देणे बंधनकारक आहे. कप्तान आणि पायलट जहाजाचे गुणधर्म व नियोजित मार्ग यांची माहिती एकमेकांना देतात. पायलट आल्यामुळे कप्तानाची जबाबदारी सर्वसाधारणपणे संपत नाही.

खलाशांची सज्जता

कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बंदरप्रवेशाच्या वेळी नांगर, दोर, सुकाणू आणि इंजिन या सर्व ठिकाणी एकाच वेळी माणसे लागतात. त्यानंतर लगेच मालाची चढउतार आणि तपासण्या सुरू होतात. म्हणून पाळ्यांची फेररचना आदल्या दिवशीच करावी लागते. ताणलेला दोर तुटल्यास तो प्रचंड वेगाने उलटतो व प्राणघातक ठरतो. दोराच्या झपाट्यात कोठेही उभे राहू नये, याची आठवण कामापूर्वीच्या बैठकीत करून दिली जाते. थकलेल्या माणसाचे लक्ष नेमके अशाच वेळी ढळते.

मुंबईचे उदाहरण

मुंबई बंदर आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांच्याकडे जाणारी जहाजे एकाच मुख्य मार्गाने खाडीत शिरतात. उधाणाच्या दिवसांत येथे भरतीची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांमुळे पायलटला चढणे अवघड होते. मासेमारीच्या हंगामात कोळ्यांच्या होड्या आणि जाळी यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते.

७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारे 'खलिजिया ३' यांची येथे टक्कर झाली. अनेक कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्यापर्यंत पसरले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. मासेमारीलाही त्याची झळ पोहोचली. जहाजाच्या सज्जतेशी किनाऱ्यावरील लोकांचे जीवनही जोडलेले असते, हे या घटनेने स्पष्ट केले.