गेटवर लाल, चाळीत भगवा

मागच्या शनिवारी परळला आजीकडे गेलो होतो. निवडणुकीच्या गप्पा चालू होत्या, तेवढ्यात ती सहज म्हणाली, "एकदा मी नि तुझ्या आजोबांनी एकमेकांचं मत कापलं होतं."

"म्हणजे गं?"

"सत्तर साली. त्यांनी महाडिकांना दिलं, मी सरोजिनीबाईंना. मग चार दिवस घरात कोण कोणाशी बोललं नाही."

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. युनियन लाल बावट्याची. मग मत शिवसेनेला कसं? घरी येऊन हाच विषय घेऊन बसलो.

परळ-लालबाग म्हणजे गिरणगाव, आणि गिरणगाव म्हणजे कम्युनिस्टांचा गड, असं आपण ऐकत आलोय. ते खोटं नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. १९६७ साली परत निवडून आले, आणि त्याच वर्षी परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई आमदार झाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, शिवसेना स्थापन झाली होती.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कृष्णा देसाईंचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला सेनेचे वामनराव महाडिक. आजच्या हिशेबाने सहानुभूतीची लाट यायला हवी होती. निकाल लागला तो असा: महाडिक ३१,५९२, देसाई २९,९१३. फरक १,६७९ मतांचा. सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला.

मी इंजिनिअर माणूस, आकडे दिसले की हात शिवशिवतात :-) या दोघांची मतं मिळून होतात ६१,५०५. त्यातल्या फक्त ८४० जणांनी दुसरीकडे शिक्का मारला असता तर सरोजिनीबाई एका मताने जिंकल्या असत्या. ८४० माणसं म्हणजे किती? दोन-तीन मोठ्या चाळी!

म्हणजे 'गिरणगाव लाल होतं, मग भगवं झालं' हे वाक्य फसवं आहे. एका रात्रीत कोणी रंग बदलला नव्हता. आजीने ते एका वाक्यात सांगितलं: "युनियन गेटवर होती रे, चाळीत कोण होतं?" पगार, बोनस, महागाई भत्ता यासाठी लाल बावटा. पण नळाला पाणी नाही, पोरगा मॅट्रिक होऊन घरी बसलाय, गणपतीची वर्गणी, यासाठी गल्लीतली शाखा. एकाच माणसाच्या या दोन गरजा. आजोबांना त्यात विसंगती वाटलीच नसावी. आजीचं कारण आणखी वेगळं. "त्या बाईचा नवरा मारला रे. मी दुसऱ्या कोणाला देणार होते?" बस्स, इतकंच.

पुढचं तर अजून गंमतीशीर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. डिसेंबर १९८४ पर्यंत तो मोडलेलाच होता, आजोबांची नोकरी गेली होती. त्या निवडणुकीत इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला देशात ४०० हून जास्त जागा मिळाल्या. आणि मुंबई दक्षिण मध्यने, ज्यात गिरणगावाचा बराचसा भाग होता, निवडून दिलं डॉक्टर सामंतांना! हरलेल्या संपाच्या नेत्याला. त्या वेळी मात्र आमच्या घरातली दोन्ही मतं एकाच ठिकाणी पडली. पुढच्याच, १९८९ च्या निवडणुकीत तिथून खासदार झाले तेच वामनराव महाडिक.

पक्ष बदलत राहिले, पण लोक मतदानाला उतरवण्याची पद्धत तीच राहिली. आजी सांगते, मतदानाच्या दिवशी पोरं खोली-खोली फिरायची, चिठ्ठ्या द्यायची, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून शाळेपर्यंत न्यायची. दुपारी कोण राहिलंय याची यादी पोरांच्या तोंडपाठ. आज गिरण्यांच्या जागेवर टॉवर आहेत. कार्यकर्ता गेला तर वॉचमन खालीच अडवतो. मग आपण म्हणतो, शहरी मतदार उदासीन आहे. २०२४ च्या विधानसभेला तर निवडणूक आयोगाने लोक जोडून सुट्टी घेतील म्हणून मुद्दाम बुधवार निवडला आणि काही सोसायट्यांच्या आवारात मतदान केंद्रंही ठेवली. केंद्र लिफ्टपर्यंत आलं, पण दार वाजवणारं कोण?

आता कबुली. माझं नाव अजून परळच्याच यादीत आहे. २० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, सोमवार. मी पुण्यात. पुण्याचं मतदान आठवड्यापूर्वीच झालेलं, त्यामुळे इकडे सुट्टी नाही, वर रिलीज. नाही गेलो. संध्याकाळी आजीचा फोन आला. उन्हात रांगेत उभी राहून, ऐंशी ओलांडलेली बाई मत देऊन आली होती. मला काही बोलली नाही, एवढंच म्हणाली, "या वेळी माझं मत कापायला पण कोणी नव्हतं."

नोव्हेंबरला मात्र आदल्या रात्रीची बस पकडून गेलो. दोघांनी मिळून मत दिलं. कोणाला, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.